मुंबईच्या उकाड्यात सायकल चालवायची, तर कपडे कसे निवडायचे?

मे महिन्यात मुंबईचं कमाल तापमान साधारण ३३-३४ अंशांच्या आसपास असतं. त्याच दिवसांत नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ला टेकतो. नुसते आकडे पाहिले तर मुंबईकराला तक्रारीला जागा नाही. पण सायकलवर अर्धा तास पाय मारले की कळतं, इथला छळ उन्हापेक्षा दमटपणाचा आहे. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणून आपल्याला गार वाटतं. नुसता निथळून रस्त्यावर पडलेला घाम काहीही थंडावा देत नाही. विदर्भाच्या कोरड्या हवेत घाम दिसायच्या आत उडून जातो. मुंबईच्या हवेत आधीच इतकी वाफ भरलेली असते की घाम उडायला वावच उरत नाही. मग तो अंगावर साचतो, कपड्यात मुरतो आणि शेवटी बुटात उतरतो.

पहाटे निघालं की यातून सुटका होते, असं नव्यांना वाटतं. पहाटे निघावंच, ऊन टळतं, रस्ते मोकळे मिळतात. पण हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी दिवसभरात पहाटेच सर्वांत जास्त असते. सूर्य उगवायच्या आत मरीन ड्राइव्हला दोन फेऱ्या मारून आलेल्या माणसाचा शर्ट पिळता येतो, तो यामुळेच.

म्हणून मुंबईत कपडा भिजणार हे धरूनच खरेदीला निघा. ‘अंग कोरडं ठेवतो’ हे लेबलवरचं आश्वासन इथे फार उपयोगाचं नाही. ओला झाल्यावर कपडा जड होतो का, अंगाला चिकटतो का, कुठे काचतो का आणि वारा आरपार जाऊ देतो का, हे चार प्रश्न प्रत्येक वस्तूला विचारायचे. पुण्यातल्या मित्राने किंवा परदेशी व्हिडिओने दिलेला सल्ला चुकीचा असतो असं नाही, पण तो वेगळ्या हवेसाठी दिलेला असतो.

पायरी १ : आधी राइड ठरवा, मग कपडे

सायकल कशासाठी चालवणार आहात, यावर सगळा खर्च अवलंबून आहे. घर ते स्टेशन किंवा घर ते ऑफिस, पाच-दहा किलोमीटर आणि वाटेत डझनभर सिग्नल, ही एक गोष्ट. सकाळची पंचवीस-चाळीस किलोमीटरची राइड, म्हणजे पाम बीच रोड, वरळी सी फेस किंवा आरे कॉलनी, ही दुसरी. आणि रविवारी येऊरचा चढ, कर्जत, किंवा जुन्या मुंबई-पुणे हायवेने खोपोली आणि वर लोणावळा, ही तिसरी. (एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी आहे, त्यामुळे रस्ता जुनाच.)

पहिल्या प्रकारात तुम्ही वारंवार थांबता. सायकलचा सगळा थंडावा तिच्या वेगातून तयार होणाऱ्या वाऱ्यात असतो. सिग्नलला पाय टेकला की तो बंद होतो आणि घामाच्या धारा लागतात. दुसऱ्यात वारा मिळत राहतो, पण दीड-दोन तास एकाच जागी बसल्याने घर्षण वाढतं. तिसऱ्यात दोन्ही आहेत, वर ऊन आहे. शिवाय किनारा सोडून आत गेलात की हवा कोरडी होत जाते. खोपोलीच्या पुढे घाम दिसेनासा होतो आणि काळ्या शॉर्टवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात. घाम कमी येतोय असं वाटतं, प्रत्यक्षात तो भराभर वाळत असतो. तिथे पाण्याची बाटली लवकर रिकामी व्हायला हवी.

मोसमाचंही बघा. मार्चमध्ये पूर्वेकडून जमिनीवरचे गरम वारे येतात आणि समुद्रावरचा वारा दुपारपर्यंत लांबतो, त्या दिवशी शहर अचानक तापतं. पाऊस माघारी फिरल्यावर ऑक्टोबर हीट येते. नव्याने सायकल घेतलेले बरेच जण गणपती-नवरात्र झाल्यावर सुरुवात करतात आणि नेमके त्या उकाड्यात सापडतात.

पायरी २ : घरातलं कपाट उघडा

पहिले दोन-तीन आठवडे काहीही विकत घेऊ नका. मुंबईत निम्म्या घरांत मॅरेथॉनला मिळालेला, नाहीतर कुठल्याशा कंपनी-डेला वाटलेला पातळ पॉलिएस्टरचा टी-शर्ट पडलेला असतो. तो चालेल. क्रिकेट किंवा फुटबॉलची जाळीदार जर्सी असेल तर उत्तमच. खाली गुडघ्यापर्यंतची, मऊ इलॅस्टिकची, जाड शिवण नसलेली शॉर्ट पुरे.

जीन्स मात्र नको. मांड्यांच्या मध्ये, नेमकं सीटवर येतं तिथे, तिची चार जाड शिवणी एकत्र येतात, आणि डेनिम एकदा भिजलं की घरी पोहोचेपर्यंत वाळत नाही. ट्रॅक पँट घातलीत तर उजवा पाय घोट्याशी क्लिपने किंवा रबराने बांधून घ्या, चेनमध्ये अडकतो. ओढणी, साडीचा पदर, बॅगेचे लोंबणारे पट्टे यांचीही तीच काळजी. ओढणी मागच्या चाकात गेली तर क्षणात गळ्याशी आवळली जाते. सायकलवर बसताना ती बॅगेत ठेवा, हे मी विनवून सांगतो.

या आठवड्यांत एवढंच लक्ष ठेवा की त्रास नेमका कुठे होतोय. मांड्यांच्या आतल्या बाजूला, बैठकीच्या हाडांना, कमरेच्या इलॅस्टिकखाली, की काखेत? जिथे होतोय तिथला कपडा आधी बदलायचा.

पायरी ३ : पैसे आधी खाली घाला

बहुतेक लोक आधी झकपक जर्सी घेतात. माझं ठाम मत उलटं आहे: पहिला खर्च शॉर्टवर करा. वरचा कपडा वाईट असेल तर फक्त उकडतं, खालचा वाईट असेल तर कातडी सोलली जाते आणि मग आठवडाभर सायकलकडे बघवत नाही. घाम, मीठ आणि घासणं हे तिन्ही एकत्र आले की मुंबईच्या हवेत जखम चिघळायला वेळ लागत नाही. घामोळं तर आहेच, जांघेतला नायटाही याच ओलाव्यावर पोसला जातो.

सायकलिंगच्या शॉर्टला आत पॅड शिवलेलं असतं. ही शॉर्ट थेट अंगावर घालायची, खाली अंडरवेअर घालायची नाही. नव्यांना हे विचित्र वाटतं, काही जण संकोचाने विचारतही नाहीत. पण पॅडचा सगळा फायदा हाच की त्याला अंगाशी लागणारी शिवण नसते. आत चड्डी घातली की तिच्या शिवणी आणि इलॅस्टिक परत मध्ये आले, शिवाय सुती चड्डी घाम धरून बसते.

पॅड जितकं जाड तितकं सुखाचं, हा समज सोडून द्या. जाड, पिचपिचीत फोम घाम पितो, फुगतो, आणि तासाभरात तुम्ही ओल्या स्पंजवर बसल्यासारखे बसता. अंगठ्याने दाबून बघा. चांगलं पॅड घट्ट लागतं आणि दाब काढल्यावर लगेच पूर्वीच्या आकारात येतं. बैठकीच्या हाडांखाली दाट आणि कडेला पातळ होत जाणारं, वर बारीक भोकं असलेलं पॅड घ्या. रोजची अर्ध्या तासाची ऑफिसवारी असेल तर पॅडची गरजच नाही. त्या अंतराला सीटची उंची आणि कोन नीट करून घेतला तर जास्त फरक पडतो, आणि तो फुकट पडतो.

शॉर्ट कमरेची घ्यायची की खांद्यावर पट्टे असलेली, म्हणजे बिब? लांब राइडसाठी मी बिबच्या बाजूने आहे. कपडा जास्त असूनही ती कमी उकडते, कारण पोटावर इलॅस्टिकचा पट्टा नसतो. वाकून बसल्यावर घाम त्या पट्ट्यापाशीच तुंबतो आणि घामोळ्याची पहिली रांग तिथेच उठते. पट्टे मात्र जाळीचेच हवेत. पाठीवर साधं जाड कापड लावलेली बिब थंडीसाठी असते, ती इथे कुणी स्वस्तात दिली तरी घेऊ नका. बिबची एक खरी अडचण आहे, विशेषतः बायकांना: बाथरूमला जायचं तर आधी जर्सी काढावी लागते, आणि वाटेत स्वच्छतागृह मिळणं हीच मुळात मारामार. मागून उघडणाऱ्या बिब मिळतात, पण महाग पडतात. तोवर रुंद, सपाट कमरपट्टा असलेली शॉर्ट घ्या. अरुंद इलॅस्टिकपेक्षा ती कितीतरी सुसह्य असते.

रंग काळा किंवा गडद निळा. पांढरी किंवा फिकी शॉर्ट भिजल्यावर पारदर्शक होते आणि मुंबईत ती भिजणारच. शिवाय चेनचं काळं लागतं.

अंगाला चिकटलेल्या शॉर्टमध्ये सोसायटीच्या लिफ्टमधून उतरायला लाज वाटते, हे अनेक जण हळूच सांगतात. त्यात काही चूक नाही. पॅड असलेली पातळ जाळीची आतली शॉर्ट, लायनर म्हणून मिळते. ती आत घालून वर नेहमीची सैल हाफ पँट चढवा. एक थर वाढल्याने थोडं जास्त उकडेल, पण सायकल बाहेर काढायचा धीर होत असेल तर हा सौदा परवडतो.

तासापेक्षा जास्त बसणार असाल तर निघण्यापूर्वी जांघेत आणि पॅडला जिथे अंग लागतं तिथे सायकलिंगसाठीचं क्रीम लावा. नसेल तर पेट्रोलियम जेलीचं पातळ बोट चालतं, फक्त ती कपड्यातून धुताना त्रास देते.

पायरी ४ : वरचा कपडा

‘उन्हाळ्यात सुती घालावं’ हे आपल्या घराघरात रुजलेलं शहाणपण आहे आणि घरात, पंख्याखाली, ते खरंही आहे. सायकलवर मात्र ते थोडं बाजूला ठेवावं लागतं. एरवीच्या हवेत कापसाचा धागा स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून असतो, पॉलिएस्टरचा धागा अर्धा टक्काही नाही. सुती कापडात पाणी थेट धाग्याच्या पोटात शिरतं, म्हणून टी-शर्ट जड होतो, पोटाशी लोंबतो आणि वाळायचं नाव घेत नाही. पॉलिएस्टरमध्ये ते धाग्यांच्या मधल्या फटींतून पसरतं. पसरलेल्या घामाला जास्त पृष्ठभाग मिळतो आणि सायकलच्या वाऱ्याने तो लवकर उडतो. दमट हवेत सगळा उडणार नाही, पण जो उडेल तेवढा खरा फायदा.

सुतीसाठी एक अपवाद मात्र मलाही मान्य आहे: तीन-चार किलोमीटर, सावकाश, भाजी आणायला किंवा स्टेशनपर्यंत. तिथे मलमलचा जुना, विटलेला सैल सदरा कुठल्याही जर्सीपेक्षा सुखाचा.

‘बांबू’च्या नावाने मिळणाऱ्या टी-शर्टांपासून सावध राहा. बहुतेकदा तो व्हिस्कोज, म्हणजे लगद्यापासून रसायनांनी बनवलेला धागा असतो. हाताला थंड आणि रेशमी लागतो, दुकानात मोह पडतो. पण तो कापसापेक्षाही जास्त ओलावा धरतो आणि भिजल्यावर सैल होऊन लोंबतो. बारीक मेरिनो लोकरीचे कपडे वास धरत नाहीत, म्हणून बाहेरचे लोक त्यांची स्तुती करतात. मुंबईत त्यांना वाळायला लागणारा वेळ आणि त्यांची किंमत बघता मी नव्यांना ते सुचवणार नाही.

दुकानात करायची सर्वांत सोपी परीक्षा फुंकरीची आहे. कापड तोंडासमोर धरून पलीकडे तळहात ठेवा आणि फुंका. तळहाताला हवा स्पष्ट लागली तर कापड चांगलं. दोन जर्सी शेजारी ठेवून असं केलंत तर लेबल वाचायची फारशी गरज राहत नाही. लेबलवर जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन लिहिलेलं असेल तर १३० किंवा त्याखालचं बघा. शाळेच्या पीटीच्या टी-शर्टसारखं जाड, चकचकीत पॉलिएस्टर, ज्यातून हवा अजिबात जात नाही, ते सुतीपेक्षाही वाईट.

मग आतून उलटं करा. काखेत आणि पाठीवर जाळी आहे का? शिवणी सपाट आहेत की दोरीसारख्या उभ्या? छातीवर मोठं रबरी छापील चित्र आहे का? असेल तर ती जर्सी परत ठेवा. त्या चित्रामागे हवा जात नाही आणि बरोबर तिथेच घामोळं उठतं. मंडळाच्या किंवा ग्रुपच्या जर्सी छापून घेणार असाल तर रंग कापडात मुरवणाऱ्या सब्लिमेशन छपाईचाच आग्रह धरा, तिने कापडाची भोकं बुजत नाहीत.

जर्सीची चेन पूर्ण उघडणारी हवी. येऊरच्या चढावर वेग आठ-दहावर येतो, वारा संपतो, तेव्हा जर्सी पूर्ण उघडता येणं हाच काय तो पंखा. गळ्यापर्यंत चार इंच उघडणारी चेन तिथे कामाची नाही.

किती घट्ट? कोरड्या गरमीत सैल कपडा चांगला, आत हवा खेळते. इथे सैल कपडा भिजून पाठीला चिकटतो, सुटतो, परत चिकटतो आणि वेगात फडफडतो. पंधराच्या वर वेग असेल तर अंगाला लागून बसणारी, पण श्वास घेताना न ताणणारी जर्सी घ्या. हळू जाणार असाल तर सैलच बरी. शर्यतीसाठीच्या जर्सी फार अंगाबरोबर कापलेल्या असतात, त्यामुळे नेहमीचा नंबर डोळे मिटून मागवू नका; छाती आणि कंबर टेपने मोजून त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा. ट्रायल रूममध्ये आरशासमोर ताठ उभं राहून काही कळत नाही. हँडल पकडल्यासारखं वाकून बघा: मागून कंबर उघडी पडते का, पुढे पोटावर कापड गोळा होतं का, दंडाला बाही रुतते का.

मागचे तीन खिसे सोयीचे आहेत, फक्त त्यात मोबाइल उघडा ठेवू नका. पाठीचा घाम थेट त्यात उतरतो. झिपच्या प्लास्टिक पिशवीत मोबाइल आणि नोटा घालून मगच खिशात टाका.

आत बनियन घालायचं का? नको. आणखी एक सुती थर म्हणजे आणखी एक ओलं फडकं. बायकांसाठी स्पोर्ट्स ब्रा हा सर्वांत आधी भिजणारा आणि सर्वांत उशिरा वाळणारा कपडा आहे, म्हणून जर्सीइतकंच लक्ष तिच्याकडे द्या. जाड कप नसलेली किंवा कप काढता येणारी, पाठीला जाळी असलेली, खालचा पट्टा रुंद आणि मऊ असलेली निवडा. त्या पट्ट्याखालची त्वचा सोलवटण्याचं प्रमाण बरंच असतं आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

पायरी ५ : ऊन असेल तेवढ्यापुरतं झाका

मे महिन्यात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य उगवतो. साडेसात-आठपर्यंत घरी परतणार असाल तर उन्हासाठी वेगळं काही घ्यायची गरज नाही. नऊनंतर रस्त्यावर असाल, तर हात झाकाच. त्यासाठी पूर्ण बाहीची जर्सी घेण्यापेक्षा वेगळ्या, ओढून चढवायच्या स्लीव्ह्ज घ्या. पहाटे खिशात, ऊन चढलं की हातावर. पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्या घ्या. दंडाचा घेर मोजून नंबर ठरवा, नाहीतर दर दहा मिनिटांनी मनगटाकडे घसरतात.

कापडावर यूपीएफ ५० लिहिलेलं असेल तर त्यातून अतिनील किरणांचा साधारण पन्नासावा भाग आत येतो. अगदी विरळ जाळीतून बरंच ऊन आत शिरतं, म्हणजे पाठीवर संपूर्ण जाळी असलेली जर्सी पहाटेसाठी छान आणि दुपारच्या लोणावळा परतीसाठी वाईट. उघड्या भागाला एसपीएफ ३० किंवा जास्तचं, पाण्यात टिकणारं सनस्क्रीन निघण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटं लावा आणि दर दोन तासांनी परत. मानेची मागची बाजू आणि गुडघ्याचा वरचा भाग हमखास विसरला जातो. वाकून बसल्यावर ऊन नेमकं तिथेच पडतं.

रंगाचा प्रश्न उन्हापेक्षा सुरक्षिततेचा आहे. पोपटी-पिवळा फ्लुरोसंट रंग दिवसा भडक दिसतो कारण तो उन्हातले अतिनील किरण घेऊन दिसणारा प्रकाश बाहेर टाकतो. पहाटेच्या अंधारात त्याचा काही उपयोग नाही. ट्रक आणि टेम्पोच्या दिव्यांत चमकायला परावर्तक पट्टीच लागते, आणि ती पाठीबरोबर घोट्यांवरही असावी. खालीवर हलणारे दोन ठिपके दिसले की पुढे सायकल आहे हे ड्रायव्हरला लांबून ओळखू येतं.

पायरी ६ : डोकं आणि डोळे

उकाड्यासाठी हेल्मेट टाळणं हा पर्याय नाही. स्कूटरचं हेल्मेट सायकलवर घालू नका. त्याला हवेची भोकं जवळजवळ नसतात आणि डोकं उकडून निघतं. ईएन १०७८ हे युरोपचं सायकल हेल्मेटचं प्रमाण आतल्या स्टिकरवर आहे का ते बघा. भोकं समोर मोठी आणि मागे बाहेर पडायला मोकळी हवीत, तरच वारा डोक्यावरून वाहतो. आतले पॅड निघणारे असावेत, दर आठवड्याला धुवावे लागतात.

घाम डोळ्यांत उतरणं ही दमट हवेतली मोठी अडचण आहे, विशेषतः सनस्क्रीन घेऊन उतरला की डोळे झोंबतात आणि वाहत्या रस्त्यावर ते धोक्याचं आहे. हेल्मेटखाली पातळ टोपी किंवा कपाळपट्टी घाला. टोपीचा छोटा छज्जा उन्हालाही अडवतो. साधा रुमाल बांधलात तर गाठ हेल्मेटखाली येऊ देऊ नका.

गॉगल धूळ-किड्यांसाठीही लागतो. पहाटे काळी काच घालू नका. पारदर्शक काच किंवा उजेडाप्रमाणे रंग बदलणारी काच घ्या. काचेवर यूव्ही ४००, म्हणजे अतिनील किरण अडवणारी, असं लिहिलेलं असावं. काच चेहऱ्याला अगदी चिकटली तर सिग्नलला वाफ धरते, म्हणून खाली-वर थोडी फट असलेली बरी.

पायरी ७ : हात आणि पाय

हातमोजे अर्ध्या बोटांचे, वरून जाळीचे. घामट हातातून ब्रेक निसटू नये हे त्यांचं मुख्य काम, आणि अंगठ्यावर टॉवेलचं कापड असेल तर कपाळ पुसता येतं. मोजे सुती नकोत, पातळ नायलॉनचे घ्या. बूट जाळीचे घ्या. चपलेवर सायकल चालवू नका; ओला पाय पेडलवरून सटकतो.

पायरी ८ : ऑफिसला जाणाऱ्यांसाठी

ऑफिसच्या कपड्यांवर सायकल चालवून ताजंतवानं पोहोचता येईल, अशी आशा मुंबईत ठेवू नका. डिसेंबर-जानेवारीचे काही आठवडे सोडले तर ते जमत नाही. सायकलचे कपडे वेगळे, ऑफिसचे वेगळे, असंच धरून चला. शर्ट घडी न घालता गुंडाळी करून नेला की सुरकुत्या कमी पडतात. पँट आणि बूट ऑफिसातच ठेवता आले तर बॅग अर्धी होते.

पाठीवरची सॅक म्हणजे अख्ख्या पाठीवर प्लास्टिक लावण्यासारखं आहे. जर्सी कितीही चांगली असली तरी तिच्यातून हवा जात नाही. मागे कॅरिअर लावून बॅग तिथे बांधा. उकाड्यातल्या आरामासाठी एवढा स्वस्त आणि एवढा मोठा बदल दुसरा नाही.

पोहोचल्यावर लगेच कपडे बदलू नका. पेडल थांबलं तरी दहा-पंधरा मिनिटं घाम येतच राहतो. पंख्याखाली उभे राहा, पाणी प्या, मग ओल्या नॅपकिनने अंग पुसून, कोरडं करून कपडे घाला. घाई केलीत तर इस्त्रीचा शर्ट पाठीवर भिजलाच समजा. ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत संध्याकाळपर्यंत कोंडून ठेवू नका. टेबलाखाली का होईना, हँगरवर टांगा. संध्याकाळी परत तेच घालायचे असतील तर ते पुरते वाळलेले हवेत. ओली शॉर्ट पुन्हा चढवणं म्हणजे नायट्याला आमंत्रण, त्यामुळे दुसरी जोडी जवळ असणं गरजेचं.

पायरी ९ : लांब जाण्याआधी चाचणी

नवी शॉर्ट किंवा जर्सी घालून थेट लोणावळ्याला निघू नका. आधी घराजवळ तासभर फिरा, पूर्ण भिजा. घरी येऊन आरशात बघा: कुठे लाल रेघ उठली आहे? लेबल, शिवण, इलॅस्टिक, ज्याने ती उठवली असेल त्याचा बंदोबस्त करा. मानेमागचं लेबल उसवून टाकायला दोन मिनिटं लागतात.

आणि कपडे कितीही बरोबर असले तरी दमट हवेत शरीर स्वतःला थंड करू शकेलच असं नाही. डोकं ठणकणं, मळमळ, चक्कर, भर उन्हात अंगावर काटा येणं, बोलण्यात गोंधळ, यातलं काही जाणवलं तर तिथेच थांबा. सावलीत बसा, जर्सी उघडा, मान आणि काखेवर पाणी ओता, कुणालातरी वारा घालायला सांगा, शुद्धीवर असाल तर ओआरएसचे घोट घ्या. बोलण्यात गोंधळ झाला किंवा माणूस बेशुद्ध पडला तर १०८ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओतत राहा. सोबत्याच्या बाबतीत हे ओळखणं तुमचं काम आहे, कारण त्याला स्वतःला ते कळत नसतं.

पायरी १० : धुणं-वाळवणं

घरी आल्यावर शॉर्ट आधी उतरवा, गप्पा नंतर. अंगाला पॅड ओलं लागून राहू देऊ नका. कपडे उलटे करून साध्या गार पाण्यात लगेच खळबळा. घाम आणि मीठ त्यातच बरंच निघून जातं. सौम्य साबण पुरतो. फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याचा थर धाग्यांवर बसून घाम पसरायचा थांबतो. ब्लीच आणि गरम पाणी ताणलं जाणाऱ्या कापडाला खातं. पॉलिएस्टरला कुबट वास धरला असेल तर पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर टाकून अर्धा तास भिजवा आणि मग धुवा.

शॉर्ट वाळत घालताना पॅड बाहेरच्या बाजूला करा आणि सावलीत टांगा. जुलै-ऑगस्टमध्ये बाल्कनीतल्या दोरीवर पॅड दिवसभरात वाळत नाही. कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबून घ्या आणि पंख्याखाली रात्रभर ठेवा. हाताला गार लागलं तर आत अजून ओल आहे. रोज चालवणाऱ्याने म्हणूनच एका महागड्या शॉर्टऐवजी त्याच पैशात दोन बऱ्या घ्याव्यात.

दर काही महिन्यांनी शॉर्ट उजेडासमोर धरून ताणून बघा. बैठकीच्या जागी कापड विरळ होऊन पलीकडचं दिसू लागलं, मांडीवरची पकड सैल होऊन शॉर्ट वर सरकू लागली, किंवा पॅड दाबल्यावर परत फुगेना, तर ती बदलायची वेळ झाली आहे.